गैरहजर मुलगी पहिली आली

त्या बुधवारी ऑफिसातल्या मीटिंगमध्ये एहसानने तोंड उघडलं नसतं, तर विंझर गावातल्या घरच्या दोन खोल्यांत त्याचे पुढचे चार दिवस सुखात गेले असते. पण माणसाला एखादी गोष्ट अर्धवट कळली की तिच्यावर बोलायची फार घाई होते, आणि एहसानला त्या विषयातलं बरंच अर्धवट कळत होतं.

तो पुण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत बिल्डचं काम बघायचा. बिल्ड म्हणजे काय, हे त्याने बायकोला लग्नानंतर तीन वेळा समजावलं होतं. दहा जणांनी लिहिलेले दहा तुकडे गोळा करायचे, ठरलेल्या क्रमाने चालवायचे आणि शेवटी एक सबंध वस्तू तयार करायची. (नसरीनचं मत, की हे ती रोज सकाळी ओट्यापाशी करते आणि त्याला नाव देत नाही.) हे तुकडे चालवायला पायथन नावाचा एक प्रोग्रॅम लागतो. दोन हजार नऊ साल होतं. पायथनची जुनी दुसरी मालिका सगळीकडे चालू होती आणि तिसरी नुकतीच बाजारात आली होती. एकाच कॉम्प्युटरवर दोन्ही नांदायला लागल्या होत्या. तेव्हा प्रश्न असा, की बिल्डने त्यातला कुठला पायथन घ्यायचा?

सारोळ्याहून येणारा मतीन हा एहसानचा सीनियर. तो शांतपणे म्हणाला, की बिल्डमध्ये पायथनचं पूर्ण नाव, नंबर आणि ठिकाण लिहा. तो तिथे नसला तर बिल्डने थांबावं आणि तसं सांगावं. एहसानला हे फारच सरकारी वाटलं. त्याचं म्हणणं, कॉम्प्युटरमध्ये पाथ नावाची एक वाट ठरलेली असते, त्या वाटेने जावं आणि पायथन नावाचा जो पहिला भेटेल त्याला हाताला धरून आणावं. लोकांना प्रश्न विचारून कशाला पिडायचं? पायथन तो पायथन. एवढ्यात जेवणाचे डबे आले आणि एहसानचं म्हणणं मंजूर झालं. वादात आपण जिंकलो, असं त्याला वाटलं. डबे जिंकले होते.

गुरुवारी, तीस एप्रिलला, तो त्याच खुशीत विंझरला घरी आला. एक मेला नसरीनच्या शाळेचा निकाल होता. विंझरपासून तीन किलोमीटर आत, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीवर ती चौथीला शिकवायची. तिची आणि एहसानची मुलगी अरिबा त्याच वर्गात होती, कारण सकाळी आईबरोबर जीपमध्ये बसवली की झालं. वर्गात मुलं एकोणतीस. आठवड्यापूर्वीच निवडणुकीची ड्यूटी करून नसरीनचे पाय सुजले होते, आणि एकोणतीस प्रगतीपुस्तकं हाताने भरायची राहिली होती.

एहसान म्हणाला, की प्रगतीपुस्तकं तू भर, पण पहिल्या तीन नंबरांची यादी आणि प्रशस्तिपत्रं माझ्याकडे लागली. त्यासाठी त्याने आधीच ऑफिसच्या लॅपटॉपवर एक प्रोग्रॅम लिहून ठेवला होता, आणि तो चालवायला ऑफिसातल्यासारखंच एक छोटं बिल्ड. सहामाहीचे मार्क घालून तपासलाही होता, बरोबर चालला होता. आता फक्त वार्षिकचे मार्क घालायचे. प्रिंटर मात्र घरच्या जुन्या कॉम्प्युटरला जोडलेला होता, म्हणून त्याने सगळं त्यावर उतरवून घेतलं.

नसरीन तांदूळ निवडता निवडता मार्क सांगत होती आणि तो टाइप करत होता. अश्विनीच्या नावापाशी ती थांबली. आंब्यावरून पडून या मुलीने उजवा हात मोडला होता आणि परीक्षेच्या आठवड्यात ती प्लॅस्टरमध्ये होती. तिची परीक्षा जूनमध्ये घ्यायची होती. नसरीन म्हणाली, "गैरहजर लिहा." त्याने सगळ्या विषयांत गैरहजर लिहिलं. बेरजेच्या जागीही प्रोग्रॅमने आपणहून गैरहजर लिहिलं. या हुशारीबद्दल एहसानने स्वतःच्या मांडीवर थाप मारली.

प्रिंटरने घरघर करत एक यादी आणि वेलबुट्टीची तीन प्रशस्तिपत्रं बाहेर ढकलली. यादी एकदा नजरेखालून घालते, असं नसरीन म्हणाली. पण वीज जायची वेळ झाली होती आणि तिच्यापुढे अजून अकरा प्रगतीपुस्तकं होती. एहसानने कागद न वाचताच लिफाफ्यात घातले, डिंक लावला आणि म्हणाला, "कॉम्प्युटरने केलंय. तू तरी विश्वास ठेव." तिने ठेवला. (लग्नाला अकरा वर्षं झाली होती, तेव्हा हा दोष थोडा तिचाही.)

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत झेंडावंदन झालं. वाडीतली बरीच माणसं आली होती. मुख्याध्यापक शिळीमकर गुरुजींनी एहसानला मुद्दाम खुर्चीवर बसवलं आणि यंदा आपला निकाल कॉम्प्युटरवर लागला आहे, तालुक्यात असं आपण पहिलेच असू, असं सांगितलं. एहसानने मान खाली घालून विनय दाखवला. मग गुरुजींनी लिफाफा फोडला.

तिसरा आला इंद्रजित. टाळ्या पडल्या. दुसरी आली अरिबा. टाळ्या पडल्या, आणि एहसानने त्या जरा जास्तच वेळ वाजवल्या. मग गुरुजींनी चष्मा वर-खाली केला, कागद लांब धरला, जवळ धरला आणि वाचलं, "प्रथम क्रमांक, कुमारी अश्विनी."

मुलांच्या रांगेतून एक दबका आवाज आला, की ती तर नव्हतीच. मागे कुंपणाशी अश्विनी आजोबांचं धोतर धरून उभी होती. हात अजून गळ्यात बांधलेला होता. तिचं तोंड उघडं राहिलं ते मिटेना. तिचे आजोबा सोनबा जूनच्या परीक्षेची तारीख विचारायला म्हणून आले होते. त्यांनी आधी गुरुजींकडे पाहिलं, मग नातीकडे, मग डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. सरपंच ठकुबाईंनी पुढे होऊन प्रशस्तिपत्र पोरीच्या डाव्या हातात दिलं, तेव्हा कुठे टाळ्या सुरू झाल्या, आणि सोनबांचे डोळे भरले.

नसरीनने एहसानकडे पाहिलं. एहसानने झेंड्याकडे पाहिलं. झेंडा वाऱ्याने फडकत होता आणि त्याच्याकडे पाहत राहायला कुणाची हरकत नव्हती, पण किती वेळ पाहणार?

माणसं पांगल्यावर नसरीनने गुरुजींना ऑफिसात गाठलं. एहसान दाराशी उभा राहिला. गुरुजींनी मान्य केलं, की नाव वाचताना आपणही चपापलो होतो. ही मुलगी परीक्षेला नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्यांनी विचार केला, की मशीनने वर्षभराचं काहीतरी धरलं असेल, आपल्याला त्यातलं काय कळतंय. नसरीनने हजेरीपटाच्या मागच्या पानावर एकोणतीस नावांपुढे मार्क मांडले आणि दहा मिनिटांत खरी यादी केली.

गुरुजींनी ती वाचली आणि ते खुर्चीत मागे रेलले. अश्विनीचं नाव गेल्यावर बाकीचे सगळे एकेक पायरी वर सरकत होते. पहिली येत होती अरिबा.

"बाई," गुरुजी म्हणाले, "हे लोकांना कोण सांगणार? वर्गाच्या बाईंची मुलगी, बाईंच्या नवऱ्याचा कॉम्प्युटर, आणि आधी जाहीर केलेलं नाव खोडून वर आपलंच लेकरू."

एवढा वेळ एहसानला वाटत होतं, की चूक लाजिरवाणी आहे. ती दुरुस्त करणं हे चोरीसारखं दिसेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. गुरुजींचं मत पडलं, की राहू द्यावं, पोरगी एरवी हुशारच आहे. नसरीन म्हणाली, की जी मुलगी परीक्षेला बसली नाही तिला मी पहिली म्हणणार नाही, आणि हे मी माझ्या मुलीसाठी मागत नाही, पण इंद्रजितचा दुसरा नंबर मी का खाऊ? सोमवारी निकालाचे कागद केंद्रशाळेत जायचे होते. तोवर सोनबांना खरं सांगायचं, आणि ज्याने केलं त्याने सांगायचं, असं ठरलं. ज्याने केलं तो दाराशी उभा होता.

घरी येऊन एहसान कॉम्प्युटरपुढे बसला. प्रोग्रॅम त्याने वरून खाली तीनदा वाचला. चूक दिसेना. तेच मार्क त्याने लॅपटॉपवर चालवून पाहिले. तर लॅपटॉप अडून बसला. त्याचं म्हणणं, आकड्यांच्या रांगेत हा एक शब्द आला आहे. शब्द मोठा की आकडा मोठा हे मला ठरवता येत नाही, सबब काम बंद. एहसान चक्रावला. एकच प्रोग्रॅम, एकच मार्क, एक यंत्र काम बंद करतं आणि दुसरं मुकाट्याने प्रशस्तिपत्र छापतं.

विंझरला घरात मोबाईलला रेंज नसे. तो गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी उभा राहिला आणि मतीनला फोन लावला. सगळी हकिकत ऐकून मतीनने एकच विचारलं, "चालला कुठला पायथन?"

हा प्रश्न एहसानने स्वतःला विचारलाच नव्हता. त्याच्या बिल्डनेही कुणाला विचारला नव्हता. खाली येऊन त्याने पाहिलं. लॅपटॉपवर वाटेत पहिला नवा पायथन भेटत होता, तिसऱ्या मालिकेतला. घरच्या कॉम्प्युटरवरही त्याने तो बसवला होता, पण तो मागे कोपऱ्यात होता. वाटेत पहिला भेटला जुना. आणि या जुन्याचा स्वभाव असा, की शब्द आणि आकडा समोरासमोर आले तर तो भांडण काढत नाही, शब्दाला नेहमी मोठा म्हणून मोकळा होतो. पाचशे चाळीसपेक्षा गैरहजर मोठा. कितीही मार्क मिळवा, गैरहजर तुमच्या वरच.

हे एहसानने पायथनच्या माहितीपुस्तकात दोनदा वाचलं. वर्षानुवर्षं आपण ज्याच्या जिवावर बिल्ड चालवतो आहोत, त्याचा हा स्वभाव आपल्याला माहीत नसावा, याचा त्याला जबर धक्का बसला. नसरीनला त्याने हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे जो समोर आला त्याला तुम्ही काम दिलंत." त्याने चार वाक्यांत ते अधिक शास्त्रशुद्ध करायचा प्रयत्न केला आणि पाचव्यात मान्य केलं.

शनिवारी सकाळी तो वाडी चढून सोनबांच्या घरी गेला. वाटेत त्याने मनाशी सुरुवातीची वाक्यं पाठ केली होती. अंगणात पाऊल टाकलं आणि ती सगळी विसरला. अंगणाच्या मधोमध एक पत्र्याची पेटी उन्हात ठेवली होती. तिच्यावर हिरव्या ऑइलपेंटने लिहिलं होतं, 'कु. अश्विनी, इयत्ता ५ वी, भोर'. रंग अजून ओला होता. पेटीच्या बाजूला अश्विनी गुडघ्यात मान घालून बसली होती.

सोनबांनी त्याला घोंगडीवर बसवलं. पुण्याला मुलाला, म्हणजे अश्विनीच्या बापाला, फोन झाला होता. पहिल्या आलेल्या पोरीला विंझरच्या शाळेत कशाला घालायची, भोरला बोर्डिंगात ठेवायची, असं सोनबांनी ठरवून टाकलं होतं. सोनबांच्या बायकोने, फुलाबाईंनी, त्याच्यापुढे वाटीभर करवंदं, तांदळाची भाकरी आणि दही ठेवलं आणि या मास्तरीणबाईंच्या मालकांमुळं आपल्या घरी हा दिवस आला, असं म्हणून कौतुकाने कानशिलांवर बोटं मोडली. एहसानने भाकरीचा तुकडा तोंडात घातला.

"सोनबा," तो शेवटी म्हणाला, "अश्विनी पहिली नाही आली. माझी चूक झाली."

फुलाबाईंचा हात ताटापाशीच थांबला. सोनबा म्हणाले, की गुरुजींनी तर छापील कागद वाचला. एहसानने सांगितलं, की तो कागद चुकीचा छापला. मागून अश्विनी म्हणाली, "म्या कालपासनं सांगतीया. म्या पेपरच दिल्याला न्हाई."

"तू गप. तुला काय कळतंय," असं सोनबा सवयीने म्हणाले आणि मग स्वतःच गप्प झाले. परीक्षेच्या आठवड्यात तिला रोज खाटेवर भरवत होते ते तेच. हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच! पण झेंड्यासमोर, सरपंचांच्या हातून, छापील कागदावर नाव आलं, आणि ठाऊक असलेली गोष्ट त्यांनी बाजूला ठेवली होती.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, की अशी चूक झालीच कशी. एहसानने सांगितलं. पायथन नावाचे दोन जण आहेत, एक जुना, एक नवा. आपण नुसतं पायथन म्हणून हाक मारली आणि जो पहिला भेटला त्याने काम करून टाकलं. त्याला ते काम नीट येत नव्हतं, पण तो तसं म्हणालाही नाही.

सोनबा विचार करून म्हणाले, "आमच्या वाडीत सोनबा तिघं हायेत. पोस्टमन पत्र आणतो तवा बापाचं नाव इचारतो, आळी इचारतो. न्हाईच गावला तर पत्र माघारी नेतो. वाटंत भेटलेल्या सोनबाच्या हातात देऊन जात न्हाई. तुमी तर शिकल्याली माणसं."

मतीनने बुधवारी अर्धा तास जे सांगितलं होतं, ते हेच होतं. फक्त तेव्हा एहसानच्या पुढ्यात ओल्या रंगाची पेटी नव्हती. त्याने मान खाली घातली. हा विनय आदल्या दिवशीसारखा दाखवायचा नव्हता, खरा होता.

"आणि खरी पहिली कोण?" सोनबांनी विचारलं.

एहसानने वाटीतलं एक करवंद उचललं. अश्विनीनेच सांगितलं, "अरिबा. तिला समदं येतं." हे सांगताना ती दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. भोरचं बोर्डिंग टळलं होतं. फुलाबाईंनी पेटीकडे एकदा पाहिलं आणि तिच्यात आता तांदूळ ठेवीन, उंदरांचा लई त्रास आहे, असं जाहीर केलं. सोनबांनी मात्र भिंतीवरचं प्रशस्तिपत्र काढलं, फुंकर मारून त्याची घडी केली आणि टोपी घातली. "चला," ते म्हणाले. "माझं पेढं ज्येंनी खाल्ल्यात त्येंना सांगाया नको? तुमी सांगितलं तर लोकं म्हणतील मास्तरीणबाईंनी पोरीसाठी केलं. म्या सांगतो."

एहसानला त्यांचे पाय धरावेसे वाटले. पुढच्या तासाभरात ही भावना थोडी कमी झाली.

वाडीतून खाली येताना सोनबा प्रत्येक अंगणापाशी थांबले. पहिल्या घरी त्यांनी सविस्तर सांगितलं, की पोरगी परीक्षेला नव्हती, मशीनमध्ये दोघं जण होते, भलत्याने काम केलं, खरी पहिली बाईंची अरिबा, आणि हे त्या मशीनचे मालक. घरातले सगळे मशीनच्या मालकाला बघायला बाहेर आले. तिसऱ्या घरी गोष्ट आखडली. मशीन चुकलं, हे मालक. रखमाजीच्या पिठाच्या गिरणीपाशी आठ-दहा जण उभे होते आणि गिरणीचा आवाज मोठा होता. तिथे सोनबांनी एहसानच्या खांद्यावर हात ठेवून एवढंच सांगितलं, "ह्ये चुकलं."

गिरणी बंद झाली. सगळ्यांनी एहसानकडे पाहिलं. रखमाजीने पीठ लागलेल्या भुवया वर करून विचारलं, की हे पुण्यात नक्की काय काम करतात. सोनबांनाही ते माहीत नव्हतं. एहसान बिल्ड म्हणजे काय ते सांगू लागला आणि पहिल्या वाक्यालाच गिरणी पुन्हा सुरू झाली.

पण काम झालं. शिळीमकर गुरुजींच्या घरी पोचेपर्यंत बातमी त्यांच्या आधी पोचली होती. नसरीनने पोरीसाठी काही केलं, असं एकही माणूस म्हणाला नाही. सोनबांनी स्वतः येऊन सांगितल्यावर म्हणणार कोण? गुरुजींनी घडी केलेला कागद फाडला, जूनच्या पहिल्या आठवड्यात अश्विनीची परीक्षा घ्यायचं कबूल केलं आणि नवी प्रशस्तिपत्रं आपण हातानेच लिहू, आपलं अक्षर बरं आहे, असं आवर्जून सांगितलं. एहसान म्हणाला, की आता प्रोग्रॅम दुरुस्त झाला आहे, पायथनचं पूर्ण नाव आणि ठिकाण लिहिलं आहे, तो नसला तर बिल्ड थांबेल. गुरुजी म्हणाले, "थांबू द्या."

दुपारी तो घरी आला. अरिबा खिडकीत बसून कैरी खात होती. शुक्रवारपासून ती दुसरी आल्याच्या रागात होती आणि गैरहजर मुलीच्या मागे आपण कशा पडलो, याचा तिला अजून उलगडा झाला नव्हता. एहसान तिच्याशेजारी बसला, घसा साफ केला आणि म्हणाला, "अरिबा, तू वर्गात पहिली आलीस."

कैरी हातातच राहिली. तिने बापाकडे डोळे मोठे करून पाहिलं.

"यादी कुणी केली?" तिने विचारलं.

"अम्मीनं. वहीवर, हातानं."

तिने कैरी खाली ठेवली, उठली, आत ओट्यापाशी जाऊन आईला विचारून आली, आणि मग उड्या मारायला लागली.